भिंतीपलीकडची चुनी

१७ फेब्रुवारी
काल दादाची तेरवी झाली. आज सकाळी सोयऱ्यांनी मला दुकानात नेऊन बसवलं. सासऱ्यांनी डोक्यावर टोपी घातली, मेहुण्याने शटर वर केलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून समोरच्या डेअरीवाल्याने सरकी पेंडीचं एक पोतं नेलं. दुखवटा मोडायची रीत झाली. सगळे चहा घेऊन पांगले.

शेजारचं दालमिलचं दार कुणी उघडलं नाही. ज्याची गिरणी तोच गेला, मग नेऊन बसवायचं कुणाला? वहिनींना बसवायची रीत नाही. तेव्हा हे माझ्या मनातही आलं नाही. आत्ता लिहिताना आलं.

तुरीचा हंगाम सुरू आहे. दादा अंगणात तूर उलटवतानाच खाली बसला होता. नांदेडच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

२० फेब्रुवारी
अण्णाकाका सेनगावहून आले. वडिलांच्या मागे घरात त्यांचाच शब्द.

"सुधाकर, दोन्हीचं वेगवेगळं काढ. गिरणीचं काय, दुकानाचं काय. कोण कुणाला पोसून राहिलं ते एकदा बघून घेऊ. मंग ठरवू काय ठिवायचं अन् काय इकायचं."

वेगवेगळं काढायला काही नाही, तयारच आहे. बी.कॉम. करून नांदेडला सीएकडे दोन वर्षं होतो. तिथून आल्यावर मीच ही पद्धत घरात आणली. सीएला आमची फर्म एकच. पण घराला कळावं म्हणून मी विभागवार तक्ता करतो. एका रकान्यात दालमिल (दादा), दुसऱ्यात पशुखाद्याचं दुकान (मी). वीज, पाणी, दिवाणजीचा पगार, सगळं वाटून. दिवाळी पाडव्याला पूजा झाली की सगळ्यांसमोर वाचायचो. गेली तीन वर्षं गिरणी तोट्यात, दुकान नफ्यात.

दादा हसायचा. "वाच बाबा, वाच. आपली गिरणी आवाज लई करते, पैसा कमी." तेच वाक्य अण्णाकाका लग्नाकार्यात पाहुण्यांना सांगायचे. दादा तिथेही हसायचा.

काकांना म्हणालो, दोन दिवसांत देतो. खरं लिहायचं तर आतून बरं वाटलं. भाऊ जाऊन महिना झाला नाही, आणि आपला तक्ता कामी येणार याचं मला बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी
चुनी संपली.

गिरणीची आणि दुकानाची भिंत एकच आहे. तिला खिडकीएवढं भोक आहे. तुरीची डाळ झाली की निघालेली चुनी-टरफलं पोत्यात भरून दादाचा माणूस त्या भोकातून इकडे सरकवायचा, माझा माणूस थप्पीला लावायचा. मी ती पेंडीत, मक्यात मिसळून विकतो, नुसतीही विकतो. निम्मी गिऱ्हाइकं चुनीसाठीच येतात. गिरणी बंद, म्हणून भोकातून काही येत नाही.

आज दोन डेअरीवाले परत गेले. एक म्हणाला, "दत्ताभाऊ गेले अन् जाताना तुमचं दुकान बी संग नेलं का काय, सुधाकरशेठ?" त्याने चेष्टाच केली. मला हसता आलं नाही.

वाशिमच्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्याने भाव सांगितला. मी म्हणालो, पुन्हा सांगा. त्याने तोच सांगितला. चुनी विकायचा भाव मला झोपेतही पाठ आहे. घ्यायचा भाव विचारायची ही माझी पहिलीच वेळ.

२५ फेब्रुवारी
वाशिमची गाडी आली. भाडं, हमाली धरली तर नुसत्या चुनीत काही सुटत नाही. मिश्रणाचं पोतं तर पदरमोड करून विकावं लागतं.

दुपारी तक्ता उघडला. दुकानाच्या रकान्यात खरेदीला सरकी पेंड आहे, मका आहे, मीठ, सुतळी, रिकामी पोतीसुद्धा आहेत. चुनीची ओळ नाही. गिरणीच्या रकान्यात जमेला डाळ आहे, भरडाईची मजुरी आहे. तिथेही चुनीची ओळ नाही. पैसा या खिशातून त्या खिशात गेला नाही, म्हणून मी ती कुठेच धरली नाही. विकून आलेला पैसा मात्र माझ्या रकान्यात.

आपल्याकडे शेतकरी तूर भरडायला आणतो तेव्हा चुनी गिरणीला सोडून जातो. म्हणूनच भरडाई कमी घ्यायची, हा इकडचा दस्तूर. म्हणजे दादाची अर्धी मजुरी चुनीतच होती. ती भिंतीतून माझ्याकडे यायची.

वाशिमच्या भावाने मांडून पाहिलं. मग त्याहून कमी भावाने. मग घरची म्हणून निम्म्या भावाने. निम्म्यातही गिरणी नफ्यात येते. तिन्ही वर्षं. आणि दुकान

रेखा चहा घेऊन आली. मी लॅपटॉप मिटला. काही वाईट बघत होतो अशासारखा.

२६ फेब्रुवारी
रेखाला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"मंग? पोतं इकडं येते, पैसा तिकडं जात न्हाई. रोज तर दिसत होतं."
"मग बोलली नाहीस कधी?"
"घरातल्या घरात कुणी भाव लावते का? जाऊबाई लोनच्याची बरनी देतात आपल्याला, तिचा बी करा की तक्ता."

थोड्या वेळाने भांडी लावता लावता म्हणाली, "अन् कुणाला सांगत बसू नका आता. पोराचं लातूरचं कोचिंग चालू हाय. दुकानच तोट्यात म्हनल्यावर काका काय ठिवतील आन् काय इकतील?"

लोणच्याचं मला पटलं. पटवून घेतलं असं म्हणायला हवं. दिवसभर मनात तेच घोळवत राहिलो की घरात भाव नसतो. पण मग वाटून घेतलेल्या विजेला मी भाव लावला होता. दिवाणजीच्या पगारालाही लावला होता. तेव्हा मला लोणचं आठवलं नव्हतं.

१ मार्च
काकांना जुनाच तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. काही न बदलता. त्यांचं उत्तर, हात जोडलेले दोन.

२ मार्च
रिसोडहून एक जण मशीन बघायला आला. काकांनीच पाठवला. रोलरवर नखं घासून बघत होता, चाळणीत हात घालत होता. बैल बघावा तसा.

गिरणीचे मिस्त्री शेख चाचा बेल्ट सैल करायला आले होते. वडिलांच्या वेळेपासून तेच. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, सूतक आदमी को रहता. मशीन को बी रहता क्या?" स्वतःच हसले. मग रिसोडवाल्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. "इन्ने लेके जाएगा क्या इसको?" मी म्हणालो, अजून ठरलं नाही.

वहिनी सव्वा महिना बाहेर पडत नाहीत. मागच्या दाराच्या फटीतून बघत होत्या. रिसोडवाल्याला चहा त्यांनीच पाठवला.

४ मार्च
वहिनींनी बोलावलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांची धाकटी लेक बारावीच्या पेपरला गेलेली.

"भाऊजी, मला गिरनी चालवायची हाय. चाचा हायेत, मानसं हायेत. मशीनचं मी बघून बघून शिकले. पन तुमचा तक्ता मला समजत न्हाई. एकदा नीट सांगा, पैसा कुठं जायचा? तेवढं बंद करीन."

मी सांगायला लागलो. वीज जास्त आहे. डाळीला लावायचं तेल महागलं. मजुरी. त्या मान हलवत ऐकत होत्या. शाळेतल्या मुलीसारख्या.

"मजुरांचा दुपारचा चहा बंद करू का? साखर-दूध लई जाते. हे म्हनायचे, राहू दे. पन बंद केलं तर भागंल का?"

मी म्हणालो, थोडा फरक पडेल.

असं म्हणालो मी. थोडा फरक पडेल.

मग त्या म्हणाल्या, "एक सांगू का? तीन वर्सं झाली, दिवाळीला तुमी वाचायचे अन् मी आत जाऊन बसायचे. रेखासमोर भाजीवर दुसऱ्यांदा तेल घ्यायची लाज वाटायची. आमच्या बाजूचं तोट्यात, अन् खानारी तोंडं तर आमची बी तेवढीच. मागच्या दिवाळीला हे लुगडं आनतो म्हनले, मी नको म्हनलं. म्हनलं, मिळकत सुधाकर भाऊजीची, अन् नेसू मी?"

त्यावेळी सांगायला हवं होतं. दोन वाक्यांत झालं असतं. मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं. मी पिऊन उठलो.

५ मार्च
काही नाही. दुकान.

८ मार्च
बैठक झाली. ओसरीवर अण्णाकाका, सासरे, वहिनींचे भाऊ औंढ्याहून आलेले, शेजारचे दोन वडीलधारे. वहिनी दाराच्या आत.

काकांनी मला वाचायला लावलं. वाचला. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचंच आश्चर्य वाटलं.

काका: "बघा. माझ्या मनचं न्हाई सांगत. आकडा हाय."

वहिनींचे भाऊ म्हणाले, "आमी काय बोलनार? हिशेबातलं सुधाकररावांना कळते." त्यांनी माझ्याकडे मोठ्या विश्वासाने पाहिलं.

आतून वहिनी बोलल्या. आवाज चढवून नाही. "मामंजी, एक हंगाम द्या मला."

"पोरी, तोट्यात चालवाले काहून देऊ? तुझं ते बुडंल अन् सुधाकरचं बी बुडवशील. मशीन इकू. पैसा तुझ्या नावावर बँकेत. वर घरखर्चाला महिन्याच्या महिन्याला सुधाकर देत जाईल. देशील ना रे?"

मी मान हलवली. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. वहिनींचे भाऊ जाताना माझ्या पाया पडायला वाकले. वयाने माझ्याहून मोठे. मी मागे सरलो, त्यांना ती नम्रता वाटली.

रिसोडवाल्याने संध्याकाळी इसार दिला. गुढीपाडवा झाला की मशीन नेणार.

९ मार्च
वहिनी महिन्याला माझ्या हाताकडे बघणार. दादाच्या चुनीतले पैसे मी त्यांना मोजून देणार, आणि त्या घेताना पदर सावरणार. हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

रेखा आज माझ्याशी फार गोड वागली. तेही नको वाटलं.

१२ मार्च
साखरा गावचा एक शेतकरी पिकअपमध्ये तूर घेऊन आला. दरवर्षीचा. दादा गेल्याचं त्याला ठाऊक होतं.

"कळलं बापू. वाईट झालं. पन तुरीला कुठं कळते? पोरीचं लगीन हाय, डाळ तर लागतेच. आता माघारी नेऊ का?"

मी नाही म्हणणार होतो. मागच्या दारातून वहिनी बाहेर आल्या. सव्वा महिना व्हायचा होता. म्हणाल्या, "उतरवा. चाचांना फोन करते." शेतकरी आधी गोंधळला, मग म्हणाला, "बाई, वजन तुमीच करनार का? मंग तर पक्कं बराबर असंल." वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

दोन दिवस लागणार. दुपारनंतर मशीन सुरू झालं. तो आवाज दुकानात आला तेव्हा माझ्या माणसाने हातातलं पोतं तसंच धरून ठेवलं. मीही आत जाऊन बसलो.

१३ मार्च
दुपारी भोकातून पोतं आलं. मग दुसरं. माझ्या माणसाने विचारलं, "भाऊ, घेऊ ना?"

घे म्हणालो.

सगळं माहीत असून. बैठकीत खोटं वाचून. वाशिमची चुनी महाग पडते, हेच त्या क्षणी डोक्यात आलं. ही आपली आहे, घे. सवयीने हात पुढे जातो तसं. माणूस थप्पी लावत गेला. मी थांबवलं नाही. संध्याकाळपर्यंत निम्मी विकून झाली होती.

१४ मार्च
साखऱ्याचा माणूस डाळ घेऊन गेला. खूश होता. चुनी अर्थातच सोडून गेला.

दिवेलागणीला वहिनी दुकानाच्या मागच्या बाजूला आल्या. हातावर, केसांवर पीठ. म्हणाल्या, "भाऊजी, भरडाई आली ती तेल, मजुरी अन् विजेतच गेली. चहा बी दिला न्हाई कुनाला. तरी हाती काही न्हाई. तुमचं बराबर होतं. मी उगाच अडून बसले होते. इका मशीन."

आणि वर म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. तुमी तर वेळोवेळी सांगत होते."

त्यांच्या मागे माझ्या थप्पीला त्यांचीच पोती होती. एका पोत्याला त्यांनी जाताना हात टेकवला, पायरी उतरायला.

रात्रीचं जेवलो नाही. रेखाला म्हणालो, पोट ठीक नाही.

१५ मार्च
सकाळच्या जीपने सेनगावला गेलो. काका अंगणात दाढी करत होते. सगळं सांगितलं. चुनी, भोक, वाशिमचा भाव. मध्ये अडखळलो नाही. पाठ केलं होतं.

"हे तुला कधी दिसलं?"
"बैठकीच्या आधी."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावरचा साबण वाळत होता. शिव्या देतील असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी दत्ताला पावन्यारावळ्यात काय काय बोललो रे." मग आरशाकडे बघत म्हणाले, "अन् तो हसायचा."

थोड्या वेळाने: "इसार घेतलाय आपुन. तो रिसोडवाला दुप्पट मागंल माघारी."
मी म्हणालो, मी देतो.
"तू कशातून देतोस? दुकान तर तुझं" आणि वाक्य अर्धंच सोडलं.

निघताना म्हणाले, "चार माणसांत वाचलंस, आता चार माणसांतच फिरव. मला एकट्याला सांगून भागत न्हाई. परवा बोलवतो सगळ्यांना. पन त्याआधी तिला सांग. तुझ्या तोंडानं. माझ्याकडून कळू देऊ नको."

येताना जीपमध्ये मन हलकं होईल असं वाटत होतं. झालं नाही.

१६ मार्च
रेखाला आधी सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "मी बी संग येऊ का?" म्हणालो, नको. तरी आली, दाराशी उभी राहिली.

वहिनी गहू निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. तक्त्याचा कागद नेला होता, तो काढला नाही. एवढंच म्हणालो की गिरणी कधीच तोट्यात नव्हती. तुमची चुनी माझ्याकडे फुकट येत होती. ती धरली तर तोटा माझा होता. हे मला बैठकीच्या आधी कळलं होतं, तरी वाचलं.

त्यांचे हात सुपात तसेच राहिले. मला वाटलं, रडतील किंवा उठून जातील. रेखाच रडायला लागली. वहिनी तिला म्हणाल्या, "तू काहून रडतेस? बस खाली."

मग मला विचारलं, "ह्यांना माहीत होतं का?"
"काय?"
"चुनीचं. का हे बी माझ्यासारखेच समजत होते, की आपुन भावाच्या जिवावर खातो?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"आठवून बघा. तुमी रोज संग बसायचे, मी आत असायचे. ठाऊक असून देत असतील तर ते त्यांचं देनं हाय, मी मोडनार न्हाई. चुनी तशीच येऊ द्या तुमच्याकडं, मंग गिरनी तोट्यात दिसली तरी चालंल. अन् ठाऊक नसंल तर" इथे थांबल्या. सुपातला एक खडा बोटाने बाजूला केला. "मंग मला उद्या चार माणसांत बोलायचं हाय. आठवून सांगा."

तेव्हापासून आठवतो आहे. दादाने कधी चुनीचा भाव विचारला नाही. पण दुकान सुरू केलं त्या वर्षी भिंतीला भोक त्यानेच पाडून घेतलं, गवंडी त्यानेच आणला. त्यावेळी काय म्हणाला होता ते आठवत नाही. पाडव्याला हसायचा, ते कळून हसायचा की लाजेने, तेही सांगता येत नाही. समोर बसलेला असायचा. मी कागदाकडे बघून वाचायचो.

त्याला माहीत होतं असं म्हणालो तर माझं दुकान वाचतं. वहिनींना बरंही वाटेल. दोन्ही जमतं. म्हणून तर भीती वाटते आहे. खरं आठवलं म्हणून म्हणेन की सोयीचं आहे म्हणून, याचा मला स्वतःचा भरवसा राहिलेला नाही.

उद्या दहाला बैठक. नवा तक्ता तयार आहे. त्यात चुनीची ओळ दोन्हीकडे आहे. वहिनींना उत्तर दिलेलं नाही.